आधी बरी होतीस

निदान झाल्यापासून मी आधीपेक्षा जास्त स्वमग्न दिसायला लागले आहे. आई हे तोंडावर म्हणते, नणंद आडून म्हणते, आणि दोघींचंही निरीक्षण बरोबर आहे. पूर्वी मी लग्नांना जायचे, स्टेजपुढच्या रांगेत उभी राहून हसायचे, संक्रांतीला घरोघरी हळदीकुंकू घ्यायचे, कुणी “काय म्हणतेस?” विचारलं की “मजेत, तुमचं काय?” असं चटकन म्हणायचे. आता यातलं बरंच सुटलं आहे. लग्नाला जाते ती मुहूर्ताच्या बरीच आधी, कार्यालय अजून रिकामं असताना. नवऱ्या मुलीला भेटते, आहेर देते आणि बँडवाले यायच्या आत निघते. बोलताना माझी नजर समोरच्याच्या खांद्यापलीकडे कुठेतरी असते. गोंगाट वाढला की पर्समधून इअरप्लग काढते आणि सगळ्यांदेखत कानात घालते. “आधी बरी होतीस गं,” आई म्हणते. तिच्या बोलण्यात तक्रार नसते. चाळिशी उलटलेल्या, नोकरी-संसार सांभाळणाऱ्या मुलीला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, असल्याचं कळतं, आणि कळल्यावर ती सावरायची सोडून आणखीच बाजूला सरकते, हे बघताना कुठल्याही आईच्या पोटात गोळा येईल.

म्हणून हे लिहिते आहे. गेल्या काही वर्षांत माझी जी वाढ झाली ती बाहेरून बघणाऱ्याला उतरण दिसते. काय मिळवलं ते सांगायला गेले, तर काय सोडलं त्याचीच गोष्ट होते. माझ्यापुरतं तरी हे मिळणं आणि ते सुटणं वेगळं काढता येत नाही.

‘बरी’ असताना आत काय चालायचं ते आधी सांगायला हवं. हसणं मी अकरावीत शिकले. माझी एक मामेबहीण सगळ्यांची लाडकी होती. हसताना आधी तिचे डोळे बारीक व्हायचे, मग मान किंचित डावीकडे कलायची, आणि मग दात दिसायचे. तो क्रम मी न्हाणीघरातल्या आरशापुढे पाठ केला. नजरेचेही नियम होते: बोलणं सुरू होताना डोळ्यांत बघायचं, मधे नजर भुवयांवर न्यायची, वाक्य संपताना पुन्हा डोळ्यांत. एवढं सांभाळताना समोरचा बोलतोय ते निम्मं निसटून जायचं, कारण ऐकणं आणि बघणं ही दोन्ही कामं मला एकदम होत नाहीत. फोन करायच्या आधी पाठकोऱ्या कागदावर दोन्ही बाजूंची वाक्यं लिहून घ्यायचे. दुःखाच्या घरी भेटायला गेले की बायका किती वेळ गप्प बसतात, कुठल्या क्षणी पाठीवरून हात फिरवतात, ‘निघते’ म्हणून उठल्यावर दारात आणखी किती वेळ उभं राहायचं असतं, हे सगळं मनात टिपलेलं असायचं. गेलेल्या माणसाबद्दल मला वाटणारं दुःख खरं होतं. ते चेहऱ्यावर आपोआप यायचं नाही, आणावं लागायचं. आणि आणताना हात थरथरायचे, ते मी पदराखाली धरून ठेवायचे.

मी पुण्याजवळच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. शिकवायला मला कधीच जड गेलं नाही. वर्गात कोण बोलणार, कशावर, किती वेळ, हे ठरलेलं असतं. घंटा झाली की थांबायचं असतं. खरी परीक्षा स्टाफरूममध्ये. तिथे चार बोलणी एकाच वेळी चालू असतात, डबे उघडलेले असतात, मेथीच्या भाजीचा वास एका बाजूने आणि लसणाच्या चटणीचा दुसऱ्या बाजूने, पंख्याचा एक बेअरिंग कुरकुरतोय, आणि या सगळ्यातून एक प्रश्न माझ्याकडे येतो ज्याचं उत्तर मोघम द्यायचं असतं. मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला मी हुशारीने शिकवायचे आणि संध्याकाळी घरी आल्यावर दिवा न लावता बसून राहायचे. लोक याला दमणं म्हणतात म्हणून मीही दमणंच म्हणायचे.

2020 च्या टाळेबंदीत सगळं जग कोंडलं होतं आणि मी मात्र बरी झाले. हे तेव्हा कुणाला सांगायची सोय नव्हती. माणसं मरत होती. पण खरं तेच होतं. घरातल्या एका खोलीतून शिकवत होते, स्क्रीनवर बहुतेक मुलांचे कॅमेरे बंद असायचे, दुपारचं जेवण एकटीने, रोज तेच. रात्री झोप लागायला लागली. डोकेदुखी गेली. पुन्हा महाविद्यालय सुरू झालं आणि काही महिन्यांत मी कोसळले. एके दुपारी प्राचार्यांच्या दालनात साधा प्रश्न विचारला गेला आणि मला उत्तर माहीत असून शब्दच येईनात. तोंड उघडत होतं, आवाज नव्हता. त्याआधी वेगवेगळ्या डॉक्टरांनी मला चिंतेच्या गोळ्या दिल्या होत्या, नैराश्याच्या दिल्या होत्या. कुणी एकाने लग्नाआधी आईला ‘लग्न झालं की मोकळी होईल’ असंही सांगितलं होतं. माझ्यासारख्या पुष्कळ बायकांच्या फायलीत हे आधीचे कागद सापडतात. ती निदानं खोटी असतातच असं नाही. वर्षानुवर्षं एका पायावर उभं राहिल्यावर चिंता आणि नैराश्य येणारच.

वाट दाखवली ती भाच्याने. धाकट्या बहिणीचा मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता, मोजके शब्द बोलायचा, आणि त्याची तपासणी चालली होती. पालकांनी भरायचा लांबलचक फॉर्म आम्ही स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी बसून भरत होतो. कपड्यांच्या टॅगचा त्रास होतो का? ठरलेला क्रम मोडला तर अस्वस्थ होतो का? अचानक आवाजाने कान झाकतो का? बहीण लिहिता लिहिता थांबली. “ताई, यातलं कितीतरी तुझंच आहे.” मी हो म्हटलं. दोघींना त्या क्षणी पुढचं बोलायचं धैर्य नव्हतं, म्हणून आधी त्याचा फॉर्म पूर्ण केला.

माझी तपासणी महिनोन्‌महिने चालली. चाचण्या होत्या, प्रश्नावल्या होत्या, आईशी वेगळी बैठक होती. आई शाळेतली प्रगतिपुस्तकं घेऊन आली. ‘अभ्यासात उत्तम, वर्गात मिसळत नाही’ हा शेरा वर्ग बदलले, बाई बदलल्या तरी बदलला नव्हता. पण मला आठवतो तो सायकॉलॉजिस्ट बाईंचा एक प्रश्न. मी नेहमीप्रमाणे नीट बोलत होते, योग्य जागी हसत होते. त्या म्हणाल्या, “हे सगळं तुम्ही छान करता. आता घरी गेल्यावर काय कराल?” इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. कार्यक्रमात मी कशी वागते ते सगळ्यांना दिसत होतं. कार्यक्रमानंतर माझं काय होतं ते पाहायला मागे कुणी थांबलेलं नव्हतं.

आमच्या पिढीतल्या मुली निसटल्या यात नवल नाही. लिओ कॅनर यांनी बाल्टिमोरमध्ये 1943 साली 11 मुलांचं वर्णन प्रसिद्ध केलं, त्यात आठ मुलगे होते. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स आस्पर्गर यांनी लिहिलं तेही मुलग्यांवर. त्याच्याही आधी, 1920 च्या दशकात, ग्रुन्या सुखारेवा या डॉक्टर बाईंनी मॉस्कोत अशा मुलांची अतिशय बारकाईने नोंद केली होती, आणि नंतर मुलींचीही; पण जगाने त्यांच्या कामाकडे फार उशिरा पाहिलं. मधल्या काळात तर आईच्या थंडपणामुळे मूल असं होतं, हा क्रूर समज तज्ज्ञांच्याच तोंडून पसरला. 1981 मध्ये लंडनच्या लॉर्ना विंग यांनी आस्पर्गर यांचं काम इंग्रजी वाचकांपुढे आणलं आणि बोलता येणारी, हुशार, तरीही स्वमग्न माणसं असू शकतात ही गोष्ट रुळायला लागली. विंग स्वतः एका स्वमग्न मुलीच्या आई होत्या. त्यांच्या लिखाणात माणसाकडे खालून-वरून न बघता शेजारी बसून बघण्याची जी रीत आहे ती तिथूनच आली असावी, असं मला वाटतं. मी त्या सुमारास बालवाडीतही नव्हते. आणि शिकलेल्या सवयींमुळे ही लक्षणं मोठेपणी झाकली जाऊ शकतात, हे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदानपुस्तिकेत स्पष्ट शब्दांत आलं ते 2013 च्या पाचव्या आवृत्तीत. आवाज, स्पर्श, उजेड यांचा त्रास निकषांत आला तोही त्याच आवृत्तीत. तोवर मी न्हाणीघरातल्या आरशासमोर शिकलेलं सगळं अंगवळणी पाडून बसले होते.

निदानानंतर पहिल्यांदा सुटका वाटली. मग राग आला, आणि तो बरेच दिवस राहिला. राग कुणा एकावर नव्हता. अकरावीतल्या त्या मुलीने आरशापुढे घालवलेले तास कुणी परत देणार नव्हतं, त्याचा होता. त्या दिवसांत मी डोनाल्ड ट्रिपलेट यांच्याबद्दल वाचलं, आणि मला पहिल्यांदा पुढचं काहीतरी दिसलं.

कॅनर यांच्या त्या 11 मुलांतला पहिला तो डोनाल्ड. जन्म 1933, अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात फॉरेस्ट नावाच्या लहानशा गावात. तीन वर्षांचा असताना डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याला घरापासून दूर एका संस्थेत ठेवलं. आईवडिलांना ते सहन झालं नाही आणि वर्षभराने त्यांनी त्याला परत आणलं. वडिलांनी कॅनरना मुलाविषयी 33 पानांचं पत्र पाठवलं. पुढे काही वर्षं डोनाल्ड एका शेतकरी जोडप्याकडे राहिला. त्याला मोजण्याचं वेड होतं. त्या शेतकऱ्याने त्याला विहीर खणायला लावली आणि ती किती खोल झाली ते सांगत जा म्हटलं. तो मक्याच्या ओळी पुन्हा पुन्हा मोजायचा, तर त्याला औत देऊन नांगरता नांगरता मोजायला सांगितलं. मेलेले पक्षी आणि किडे गोळा करायचा, तर त्यांच्यासाठी स्मशानाची जागा नेमून दिली. कॅनर यांनी हे नंतर 1971 मध्ये त्या मुलांचा मागोवा घेताना लिहून ठेवलं आहे. डोनाल्ड पदवीधर झाला, गावातल्या बँकेत त्याने नोकरी केली, गोल्फ खेळला, जगभर फिरला, आणि 2023 मध्ये 89 व्या वर्षी वारला.

त्या शेतकरी नवरा-बायकोकडे मी पुन्हा पुन्हा वळते. त्यांनी मोजण्याचं वेड घालवलं नाही, आणि त्याला मोकाटही सोडलं नाही; त्याला रान दिलं. अर्थात डोनाल्डचं घर श्रीमंत होतं, गोरं होतं, बँकच घरची होती. गावाने त्याला आपला मानला त्यात या गोष्टींचा वाटा होता. तरीही विहिरीची खोली विचारणारा माणूस आयुष्यात भेटणं ही श्रीमंतीने विकत मिळणारी गोष्ट नव्हे.

मग मी माझ्यावरचं ओझं एकेक करून उतरवायला लागले. सर्वांत आधी साडी. काठपदराच्या साडीचा जरीचा काठ मानेला घासला की त्या दिवशी मला दुसरं काही सुचायचं नाही. मी फक्त मान होऊन बसायचे. आता धुऊन मऊ झालेले सुती कुडते, शिवणी बाहेरून. मग कुकर. शिट्टीच्या आधी वाफ कोंडतानाचा जो खरखराट असतो तो मला शिट्टीपेक्षा वाईट लागतो. कुकर लावून आता मी स्वयंपाकघराबाहेर पडते आणि तो नवरा बंद करतो. मग मला शरीराचं ऐकू यायला लागलं. तहान लागलेली मला कळत नसे, डोकं दुखायला लागल्यावर कळायची. भूक लागली की चीड यायची आणि ती चीडच वाटायची. आतलं हे न कळणं पुष्कळ स्वमग्न माणसांत असतं, हे मला पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर समजलं. आता तासागणिक पाण्याची बाटली उघडते. एवढ्याशा गोष्टीने माझ्या संध्याकाळी बदलल्या.

हे करत असतानाच जुनी कौशल्यं गळून पडली. फोनवरचं ते चटकन बोलणं गेलं. ओळखीच्या माणसाला रस्त्यात बघून फुटणारं हसू आता उशिरा येतं, माणूस पुढे निघून गेल्यावर येतं. मला वाटलं होतं, नको असेल तेव्हा मुखवटा काढून ठेवता येईल आणि हवा असेल तेव्हा घालता येईल. तसं होत नाही. ज्या ताकदीवर तो टिकून होता ती ताकद मी दुसरीकडे लावली होती. आईला दिसलेली उतरण ती ही. मलाही तिची भीती वाटली होती. एका रात्री मी सायकॉलॉजिस्ट बाईंना मेसेज केला की मी मागे मागे चालले आहे. त्यांनी दुसऱ्या दिवशी विचारलं, “मागे जाताना काही नवीन दिसलं का?” दिसलं होतं. संध्याकाळी मी दिवा लावत होते.

नवऱ्याने यात जे केलं त्याबद्दल मला लिहायलाच हवं. आमच्या लग्नाची पहिली कित्येक वर्षं त्याचा चेहरा ही माझ्यासाठी रोजची प्रश्नपत्रिका होती. तो गप्प असला की मी रागावलाय असं धरून चालायचे आणि रात्रभर कारण शोधायचे. रिपोर्ट त्याने दोनदा वाचला, बराच वेळ काही बोलला नाही, आणि मग म्हणाला, “मी आत्ता गप्प आहे ते विचार करतोय म्हणून. रागावलेलो नाही.” तेव्हापासून तो असं सांगतो. दमलोय. भूक लागली आहे. ऑफिसातलं डोक्यात आहे, तुझ्याशी संबंध नाही. ऐकणाऱ्याला हे कोरडं वाटेल. मला यात जेवढी माया जाणवते तेवढी कुठल्याच गोड बोलण्यात कधी जाणवली नाही. आणि तोच परवा म्हणाला की असं रोज बोलून दाखवायला लागल्यापासून त्यालाही आपण दमलोय हे वेळेवर कळायला लागलं आहे.

दोन माणसांत समज कमी पडते तेव्हा ती एकाच्याच अंगी कमी असते असं कशावरून? हा प्रश्न डेमियन मिल्टन या स्वमग्न समाजशास्त्रज्ञाने 2012 मध्ये नेमका मांडला. स्वमग्न माणसाला इतर कळत नाहीत, तसा इतरांनाही स्वमग्न माणूस कळत नाही. 2020 मध्ये एडिंबरातल्या संशोधकांनी हे एका परीने खेळून पाहिलं. खेळ आपला कानगोष्टींचा. आठ-आठ जणांच्या साखळ्या, पहिल्याला एक गोष्ट सांगायची, ती पुढे पुढे जात शेवटच्यापर्यंत किती शिल्लक राहते ते मोजायचं. सगळी स्वमग्न माणसं असलेल्या साखळीत गोष्ट तेवढीच टिकली जेवढी इतरांच्या साखळीत टिकली. जास्त गळाली ती मिश्र साखळीत. नंतर जास्त माणसं घेऊन झालेल्या अभ्यासात मिश्र साखळीतली ती गळती दिसली नाही. पण स्वमग्न माणसं सांगण्यात-ऐकण्यात कमी पडत नाहीत, हे दोन्ही वेळा दिसलं. मला त्यासाठी अभ्यास लागला नसता. माझ्यासारखंच उशिरा निदान झालेली एक मैत्रीण मला या काळात मिळाली. आम्ही टेकडीवर एकाच बाकावर, समोर बघत बसतो. ती अर्धा तास जुन्या कुलपांविषयी बोलते, मग मी अर्धा तास गवताविषयी. मधे कुणी ‘तुझं काय?’ विचारत नाही. उठावंसं वाटलं की उठतो, आणि दारात रेंगाळायला तिथे दारही नसतं.

स्वमग्नता हे वरदान आहे, अशी भाषा हल्ली कानावर येते. मला ती बोलवत नाही. भाचा आता शाळेत जातो, त्याला अजून पुरती वाक्यं येत नाहीत, रागाच्या भरात तो स्वतःचा हात चावतो, आणि माझी बहीण रात्री जागी राहून एकच विचार करते की आमच्यानंतर याचं कोण. या प्रश्नापोटीच 1999 मध्ये आपल्याकडे राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत स्वमग्नता आली. भाच्याच्या फायलीवर आणि माझ्या फायलीवर एकच शब्द आहे. हे कित्येकांना खटकतं. आधी मलाही अवघडल्यासारखं झालं, जणू त्याच्या वाट्याचं काही मी उचललं. पण मी त्याच्याजवळ बसते तेव्हा एक गोष्ट माझ्याकडे असते जी त्याच्या आईकडेही नाही. तो मिक्सरच्या आवाजाने का कोसळतो हे मला आतून माहीत आहे. मी बहिणीला सांगू शकते की तो हट्ट करत नाही, त्याला दुखतंय. नेमकं कुठे दुखतं तेही सांगू शकते: कानाच्या मागे, आणि मग दातांत.

वडिलांबद्दल मी निर्णय देणार नाही. ते गेले, आणि गेलेल्या माणसाचं निदान करण्याचा हक्क कुणाला नसतो. ते पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर होते. निवृत्तीनंतरही गच्चीवर पर्जन्यमापक ठेवून रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजायचे आणि वहीत मिलिमीटर लिहायचे. नातेवाईक त्यांना तऱ्हेवाईक म्हणत. लग्नकार्यात मी रडवेली झाले की ते मला कार्यालयाच्या मागच्या व्हरांड्यात न्यायचे. तिथे पाण्याचे पिंप असायचे, घडी केलेल्या सतरंज्या असायच्या. आम्ही दोघं सतरंज्यांवर बसायचो. ते काही बोलायचे नाहीत, मीही नाही. मी समजत होते की ते माझ्यासाठी बाहेर येतात. आता वाटतं, त्यांनाही बाहेर यायचंच असायचं, आणि माझ्या निमित्ताने येता यायचं. त्यांना कुणी ‘आधी बरे होतात’ म्हणालं नाही, कारण त्यांनी बरं दिसायचा आटापिटा कधी केलाच नाही. पुरुषाला तऱ्हेवाईक राहायची मुभा होती. आईने त्यांच्या वतीने सगळी लग्नं, सगळी बारशी एकटीने निभावली. तिच्या त्या कष्टांची मोजणी कुठल्याच वहीत नाही, आणि माझ्या लग्नांना न जाण्याने तिला जे बोचतं त्यात हेही असणार.

महाविद्यालयाला मी लेखी अर्ज केला. मागण्या साध्या होत्या: बैठकीचे विषय आदल्या दिवशी लिहून मिळावेत, मधली सुट्टी हर्बेरियमच्या खोलीत घालवायची परवानगी असावी, स्नेहसंमेलनाच्या समितीऐवजी दुसरं काम मिळावं. अर्ज लिहिताना मला धाकधूक होती. दिव्यांग हा शब्द स्वतःपुढे लिहायला हात धजत नव्हता. मंजुरी यायला वेळ लागला, पण आली. आता मधली सुट्टी मी 42 बाय 28 सेंटिमीटरच्या जाड कागदांवर चिकटवलेल्या गवतांमध्ये घालवते. गवत मला विद्यार्थिदशेपासून आवडतं. फुलवाल्या झाडांपुढे त्याच्याकडे कुणी बघत नाही, कारण बघायला वाकावं लागतं, आणि डोळ्याला भिंग लावावं लागतं. पानाचं पातं खोडापासून जिथे सुटं होतं तिथे आतल्या बाजूला एक इवलासा पडदा असतो, कधी पातळ पापुद्र्याचा, कधी नुसत्या केसांच्या ओळीचा. हरळीला तो केसांचा असतो. मारवेलच्या पेराभोवती पांढऱ्या केसांचं कडं असतं. एवढ्यावरून ओळख पटते. पूर्वी हे मी शिकवण्यापुरतं करायचे आणि उरलेला जीव स्टाफरूमसाठी राखायचे. आता उरलेला जीव इथे लागतो. या दोन वर्षांत आवाराच्या मागच्या माळावरच्या गवतांची यादी मी पुरी केली, जी गेली कित्येक वर्षं अर्धवट पडून होती.

आणि मुलं दिसायला लागली. प्रत्येक तुकडीत एखादा, एखादी असते. शेवटच्या बाकावर भिंतीला टेकून, हाताला काहीतरी चाळा, हाक मारली की दचकणारं. मी कुणाला काही नाव देत नाही, ते माझं काम नव्हे. पण प्रात्यक्षिक परीक्षेत स्पॉटिंगला, म्हणजे नमुने ओळखताना, दर दोन मिनिटांनी जी घंटा बडवली जायची ती मी बंद करून घेतली. आता फळ्यावर वेळ लिहिली जाते. तोंडी परीक्षेत पोरांनी माझ्याकडे बघावं असा आग्रह मी धरत नाही. नमुना हातात देते आणि त्याच्याकडे बघून बोल म्हणते.

यंदाच्या परीक्षेत एक मुलगा होता. वर्षभरात वर्गात दोन शब्द बोललेला नाही. त्याच्या जर्नलमधल्या आकृत्या मात्र अशा की मी त्या घरी नेऊन नवऱ्याला दाखवल्या होत्या. बाहेरून आलेले परीक्षक ज्येष्ठ होते, दिवसभराचे दमलेले होते. त्यांनी नाव विचारलं, तर मुलाने मान खाली घातली. मी ट्रेमधून कुसळी गवताचं एक वाळलेलं कुसळ उचलून त्याच्या तळहातावर ठेवलं आणि शेजारी पाण्याचा ड्रॉपर ठेवला. त्याने काचपट्टीवर थेंब टाकला, कुसळ त्यात धरलं, आणि पीळ उलगडायला लागला तशी त्याची वाचा उघडली. पाणी लागलं की पीळ कसा सुटतो, वाळलं की पुन्हा कसा बसतो, या फिरण्याने बीजाचं टोक मातीत कसं घुसतं, टोकावरचे उलटे केस ते बाहेर कसे येऊ देत नाहीत. मग मेंढ्यांच्या कातड्यात घुसतं ते. मग त्याच्या आजोबांचा वाडगा, आणि कुसळी पिकायच्या आत ते तो माळ कसा सोडतात ते. तो एकदाही वर बघत नव्हता. परीक्षकांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, दाराबाहेरच्या रांगेकडे पाहिलं, आणि “बरं, पुढचा” म्हणायला तोंड उघडलं.

“सर,” मी म्हटलं, “त्याचं अजून झालेलं नाही.”